श्वासाचा वारसा

(वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या प्रशासकीय अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वार्षिक सभेत प्रशासकीय अधिकाऱ्याने जमाखर्च मांडावा, असा आपल्याकडील प्रघात आहे. ताळेबंद व लेखापरीक्षकांचा अभिप्राय आपल्या हातातील अहवालात छापलेला असल्याने ते आकडे मी पुन्हा वाचून दाखवीत नाही. आज अध्यक्षांच्या अनुमतीने एका निराळ्या हिशेबाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे, वैद्यकशास्त्राचा अभ्यासक नव्हे. जे सांगणार आहे ते आपल्या छातीरोग विभागातील डॉक्टरांकडून समजून घेतले आहे आणि त्यांच्याच नजरेखालून घातले आहे.

या विषयाकडे मी वळलो तो एका अर्जामुळे. बिलात सवलत मागणारे अर्ज माझ्या टेबलावर येतात. असाच एक अर्ज घेऊन पंचेचाळिशीतील एक गृहस्थ माझ्यासमोर बसले होते. चार वाक्ये बोलताना दोनदा थांबावे लागत होते. सोबत एकोणीस वर्षांचा मुलगा होता. अर्जावर सही करून मी त्यांना औषधे नियमित घेण्याविषयी आणि विडी सोडण्याविषयी दोन शब्द सांगितले. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "साहेब, हा दमा तं आमच्या खानदानातच आहे. आजोबाले होता, बाबाले होता, आता मले आहे. उद्या याले होईल. मंग औषधावर पैसे कायले घालवायचे?"

मी निरुत्तर झालो. त्यांच्या प्रश्नापेक्षा मुलाच्या चेहऱ्याने मी अधिक अस्वस्थ झालो. आपल्या नावावर काय लिहून ठेवले आहे, हे तो त्या क्षणी ऐकत होता. त्या कुटुंबाच्या संमतीने, नाव न घेता, मी ही हकीकत सांगत आहे. त्या दिवशी संध्याकाळी मी आपल्या छातीरोगतज्ज्ञांकडे गेलो आणि विचारले, "फुप्फुसाचा जुनाट आजार खरोखरच वारशाने येतो का?" ते म्हणाले, "येतो. परंतु त्या गृहस्थांना वाटतो तसा नव्हे." पुढील विवेचन म्हणजे त्या उत्तराचाच विस्तार समजावा.

काही आजारांत वारशाची साक्ष अगदी स्पष्ट असते. १९६३ साली स्वीडनमधील माल्मो येथे कार्ल-बर्टिल लॉरेल हे रक्तातील प्रथिनांची तपासणी करीत होते. सुमारे दीड हजार नमुन्यांपैकी पाच नमुन्यांत एका प्रथिनाचा पट्टा जवळजवळ नाहीसाच असल्याचे त्यांना आढळले. त्यांचे तरुण सहकारी स्टेन एरिक्सन यांनी त्या पाच व्यक्तींची माहिती काढली, तेव्हा त्यांपैकी तिघांना ऐन उमेदीच्या वयात एम्फायसेमा, म्हणजे फुप्फुसातील वायुकोश झिजून फाटण्याचा विकार, जडल्याचे दिसले. ते प्रथिन म्हणजे अल्फा-१ अँटिट्रिप्सिन. ते यकृतात तयार होते आणि रक्तावाटे फुप्फुसात पोहोचते. जंतूंशी लढताना आपल्या श्वेतपेशी जो जहाल पाचकरस सोडतात, त्याने स्वतःचेच फुप्फुस पोखरले जाऊ नये म्हणून हे प्रथिन पहारा देत असते. चौदाव्या गुणसूत्रावरील त्याच्या जनुकात आई आणि वडील या दोघांकडूनही सदोष प्रत आली, तर पहारेकरी अपुरा पडतो. अशा माणसाने धूम्रपान केले तर फुप्फुस फार लवकर निकामी होते. न केले तर पुष्कळदा अनेक वर्षे बरी जातात. दोष जन्मजात असला तरी त्याची वसुली किती लवकर व्हावी, हे बरेचसे धुरावर अवलंबून असते.

हा दोष उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत अधिक आढळतो. आपल्या देशात तो विरळ आहे. तरीही कमी वयात धाप लागणाऱ्या, अथवा कधीही धूम्रपान न केलेल्या रुग्णात त्याची एकदा तपासणी करणे युक्त ठरते. त्यासाठी रक्ताचा एक नमुना पुरतो.

दुसरे उदाहरण लहान मुलांचे आहे. सिस्टिक फायब्रोसिस या विकाराचे जनुक १९८९ साली सातव्या गुणसूत्रावर सापडले. या विकारात शरीरातील स्राव दाट व चिकट होतात, फुप्फुसात कफ साचतो, पुन्हा पुन्हा जंतुसंसर्ग होतो आणि मुलाचे वजन वाढत नाही. घाम नेहमीपेक्षा खारट असतो. बाळाचा पापा घेताना ओठांना मीठ लागते, हे कित्येकदा आईच्याच प्रथम लक्षात येते. हा गोऱ्यांचा आजार आहे, असे आपल्याकडे दीर्घकाळ मानले गेले. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील बालरोगतज्ज्ञांनी भारतीय मुलांतही तो असल्याचे वारंवार दाखवून दिले आहे. वारंवार न्यूमोनिया होणारे, सुकलेले मूल दिसले की आपण क्षयाचा किंवा कुपोषणाचा विचार करतो, आणि तो करावाही. परंतु घामातील क्षाराची साधी तपासणी कित्येकदा राहून जाते.

या दोन्ही विकारांत आईवडील स्वतः निरोगी असतात. दोघेही वाहक असले तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. आपल्याकडे काही कुटुंबांत मामाच्या मुलीशी विवाह करण्याची रीत आहे. जवळच्या नात्यात एकच सदोष जनुक दोन्हीकडे असण्याचा संभव वाढतो, म्हणून डॉक्टर नात्यातील विवाहाविषयी विचारतात. त्या प्रश्नात कोणत्याही रीतीची निंदा नसते, हे मला मुद्दाम नमूद करावेसे वाटते.

आता त्या गृहस्थांच्या आजाराकडे येतो. वैद्यकीय भाषेत त्याला सीओपीडी म्हणतात. आपण धाप, दम किंवा जुना दमा म्हणतो. ज्यात एकाच जनुकाचा दोष असतो असे रुग्ण यात थोडे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात या आजाराशी संबंधित अशी ८२ स्थाने मानवी जनुकसंचात आढळली. त्यांपैकी प्रत्येकाचा प्रभाव अल्प आहे. शिवाय अशा अभ्यासांत आजवर युरोपीय वंशाच्या लोकांचाच भरणा अधिक राहिला आहे. भारतातील दहा हजार व्यक्तींच्या जनुकसंचाची माहिती जीनोम इंडिया प्रकल्पाद्वारे जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुली झाली. आपल्या लोकांविषयीची उत्तरे आपल्याच लोकांच्या नमुन्यांतून मिळण्याचा मार्ग त्यामुळे मोकळा झाला आहे.

हे मला समजले ते माझ्या विषयाच्या भाषेत. माणसाच्या फुप्फुसाची क्षमता वयाच्या विसाव्या ते पंचविसाव्या वर्षापर्यंत वाढते. ती झाली आरंभीची शिल्लक. त्यानंतर दरवर्षी थोडी घट होते. तो झाला घसारा. २०१५ साली अमेरिका व डेन्मार्कमधील दीर्घकालीन नोंदींवरून असे दिसून आले की, सीओपीडी झालेल्यांपैकी सुमारे निम्म्या लोकांची शिल्लक तरुणपणीच कमी होती आणि त्यांचा घसारा मात्र साधारणच होता. उरलेल्यांची शिल्लक चांगली होती, पण घसारा फार वेगाने झाला. आरंभीची शिल्लक ठरविण्यात जनुकांचा वाटा आहे. तसाच जन्मवेळच्या कमी वजनाचा, बालपणीच्या न्यूमोनियाचा आणि घरातील धुराचाही आहे. घसाऱ्याचे म्हणाल तर, लंडनमधील कामगारांचा आठ वर्षे मागोवा घेऊन फ्लेचर आणि पेटो यांनी १९७७ सालीच दाखविले होते की, धूम्रपान सोडले की गेलेले परत येत नाही, पण पुढील घट मंदावते. मुद्दल भरून निघत नाही, गळती मात्र थांबविता येते. कोणताही व्यवहारी मनुष्य अशा वेळी गळती थांबवील. आपली सुरुवातच कमी भांडवलावर झाली म्हणून तो दुकानाला कुलूप लावणार नाही.

मात्र "खानदानात आहे" या शब्दांत आणखी एक गोष्ट दडलेली असते. एका कुटुंबातील माणसांचे रक्त एक असते, तसेच त्यांचे घरही एकच असते. १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू झाली, तेव्हापासून शतकाहून अधिक काळ नागपूर हे गिरण्यांचे गाव होते. बाप ज्या खात्यात कामाला, त्याच खात्यात मुलगा लागे. कापसाच्या बारीक तुसाने कामगारांच्या श्वासनलिका आखडतात. साप्ताहिक सुट्टीनंतर कामावर परतताच पहिल्या दिवशी छाती भरून येणे, ही त्या विकाराची जुनी खूण. कोळसा खाणीत, जिनिंगमध्ये, वीटभट्टीवर काम करणाऱ्यांची घरेही आपल्या ओळखीची आहेत. आणि ज्या स्त्रियांनी आयुष्यात विडीला हात लावला नाही, त्यांची अर्धी हयात चुलीपुढे गेलेली असते. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीकडे जगाचे लक्ष वेधले, आणि चुलीचा धूर हे त्याचे प्रमुख कारण म्हणून पुढे ठेवले. १९९० साली देशात या आजाराचे अंदाजे २ कोटी ८१ लाख रुग्ण होते; २०१६ साली ते ५ कोटी ५३ लाख झाले. अकाली मृत्यू आणि आजारपण मिळून या रोगाचा जो भार देशावर पडतो, त्याचा निम्म्याहून थोडा अधिक भाग हवेच्या प्रदूषणाकडे आणि सुमारे एक चतुर्थांश तंबाखूकडे जातो, असे त्याच अभ्यासाचे निष्कर्ष आहेत.

त्या गृहस्थांच्या घराची चौकशी डॉक्टरांनी केली. आजोबा आणि वडील दोघेही शहरातील एका कापड गिरणीत कार्डिंग खात्यात होते. घर दोन खोल्यांचे, चूल आतल्या खोलीत. तिन्ही पिढ्यांत विडी. अल्फा-१ प्रथिनाची तपासणी केली, ती निर्दोष आली. मुलाची स्पायरोमेट्री, म्हणजे यंत्रात जोराने फुंकून फुप्फुसाची क्षमता मोजण्याची चाचणी, केली. तीही उत्तम आली. या घरात कोणतीच जनुकीय प्रवृत्ती नाही, असे त्यावरून म्हणता येत नाही. पण आजोबांकडून नातवापर्यंत खात्रीने पोहोचला तो धूर होता, आणि धूर अडविता येतो. तो निष्कर्ष डॉक्टरांनी मुलाला वडिलांदेखत समजावून सांगितला. वडिलांचा गेलेला श्वास परत आलेला नाही, येणारही नाही. परंतु त्यांनी विडी सोडली आहे आणि मुलाने ती धरलेली नाही. वर्षभरातील कामाचा आढावा घेताना ही नोंद मला कोणत्याही आकड्याइतकीच मोलाची वाटते.

आता जी बाब आपल्या विदर्भाची विशेष आहे, ती सांगतो. आणि त्यासोबत आपली एक चूकही सांगणे माझे कर्तव्य आहे.

गेल्या पावसाळ्यात अकरा वर्षांची एक मुलगी आपल्याकडे दाखल झाली. ताप, खोकला, छातीत असह्य दुखणे. दोन वर्षांतील तिचा हा तिसरा न्यूमोनिया होता. आधीच्या दोन्ही वेळी ती आपल्याकडेच बरी होऊन गेली होती. या खेपेस रात्रपाळीच्या परिचारिकेने आईला सहज विचारले, "ताई, माहेरी कुणाला असंच होतं का?" आई म्हणाली, "माझ्या भावाले सिकलसेल आहे." दुसऱ्या दिवशी तपासणीत मुलीला सिकलसेलचा आजार असल्याचे निष्पन्न झाले. मी तिची मागील दोन्ही कागदपत्रे काढून पाहिली. 'कौटुंबिक इतिहास' या रकान्यात दोन्ही वेळा 'विशेष नाही' असे लिहिलेले होते. आईला कोणी विचारलेच नव्हते.

सिकलसेल हा रक्ताचा आजार म्हणून आपण ओळखतो. तो फुप्फुसाचाही आजार आहे. विळ्याच्या आकाराच्या झालेल्या तांबड्या पेशी फुप्फुसातील सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात आणि तो भाग रक्तावाचून तडफडतो. क्ष-किरण चित्रात ते न्यूमोनियासारखेच दिसते, पण उपचारात प्राणवायूकडे, वेदनाशमनाकडे आणि प्रसंगी रक्त देण्याकडे तातडीने लक्ष पुरवावे लागते. असे झटके वारंवार आले तर फुप्फुसात व्रण राहतात, फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतील दाब वाढतो आणि तरुण वयातच धाप कायमची होते. सिकलसेलच्या रुग्णांच्या मृत्यूचे हे एक प्रमुख कारण आहे. वैद्यकीय साहित्यात ज्या पहिल्या रुग्णाचे वर्णन आले, तो वॉल्टर क्लेमंट नोएल हा ग्रेनाडा बेटावरून शिकागोस आलेला दंतवैद्यकाचा विद्यार्थी. १९०४ साली तो रुग्णालयात आला तो श्वसनाची तक्रार घेऊनच. त्याच्या रक्तातील पेशींचे वर्णन १९१० साली प्रसिद्ध झाले, आणि १९१६ साली मायदेशी, बत्तिसाव्या वर्षी, तो न्यूमोनियानेच गेला.

हा प्रश्न नागपुरास नवा नाही. मध्य भारतातील सिकलसेलविषयी शुक्ला आणि सोलंकी यांचा लेख १९५८ सालीच 'लॅन्सेट'मध्ये आला होता. येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे आपल्या 'मेडिकल'मध्ये, डॉ. दीप्ती जैन व त्यांच्या सहकाऱ्यांनी हायड्रॉक्सीयुरिया हे औषध अल्प मात्रेत दिल्यानेही मुलांचे त्रास पुष्कळ कमी होतात, हे दाखवून दिले. नवजात बालकांच्या तपासणीचे कामही येथे झाले. १ जुलै २०२३ रोजी केंद्र शासनाने राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे तिचे उद्दिष्ट आहे. ज्ञान दाराशी आहे, औषध उपलब्ध आहे, तपासणी अवघड नाही. उणीव होती ती आमच्या एका रकान्यात.

तो रकाना रिकामा राहिला, त्याचा दोष मी केवळ कर्मचाऱ्यांवर टाकणार नाही. ती व्यवस्था माझी आहे. आपली नोंदणीची खिडकी उघड्या दालनात आहे. मागे रांग उभी असते. रांगेत शेजारी असतात, सोयरे असतात. सिकलसेलचे नाव निघाले की ठरलेले लग्न मोडते, सुनेला माहेरी पाठविले जाते, हे आपण सर्व जाणतो. अशा ठिकाणी कोणती आई खरे बोलेल? वास्तविक हे जनुक टिकून राहिले याचे कारण, त्याची एकच प्रत असणाऱ्याला मलेरियापासून काही अंशी संरक्षण मिळते. मलेरियाच्या प्रदेशात पूर्वजांना जगविणारी ती एक ढाल होती. तिच्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. पण हे समजावून सांगण्यासाठी बंद दार, खुर्ची आणि पंधरा मिनिटे लागतात.

यास्तव विश्वस्त मंडळापुढे मी तीन विनंत्या ठेवीत आहे. पहिली, छातीरोग आणि बालरोग विभागांतील प्रत्येक रुग्णासाठी एक कुटुंबपत्रक असावे. त्यात एका बाजूस रक्ताचे नाते, म्हणजे आजोळ व दादाघर मिळून तीन पिढ्यांतील धाप, लहानपणचे मृत्यू, सिकलसेल आणि नात्यातील विवाह. दुसऱ्या बाजूस घरची हवा, म्हणजे चूल, विडी-सिगारेट आणि कामाच्या ठिकाणची धूळ. दुसरी, हे पत्रक स्वतंत्र खोलीत, प्रशिक्षित समुपदेशिकेने भरावे आणि ते गोपनीय राहावे. तिसरी, रुग्णाच्या निकटच्या नातेवाइकांची स्पायरोमेट्री आणि डॉक्टरांनी सुचविलेल्या रक्ततपासण्या ज्यांना परवडत नाहीत त्यांच्यासाठी विनामूल्य व्हाव्यात.

तिसऱ्या विनंतीविषयी मंडळाच्या एका ज्येष्ठ सदस्यांनी मला रास्त प्रश्न विचारला: जे आजारी नाहीत त्यांच्यावर धर्मादाय पैसा का खर्चावा? मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार, आपल्यासारख्या रुग्णालयांना एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. तो निधी खाटेवरील रुग्णासाठी आहे आणि त्याला हात लावू नये, असेच माझेही मत आहे. म्हणूनच वेगळ्या देणगीची प्रार्थना करीत आहे. त्या अकरा वर्षांच्या मुलीला पाच वर्षांचा भाऊ आहे. तिच्यामागून त्याची तपासणी झाली. तोही सिकलसेलचा रुग्ण निघाला, आणि पहिला झटका येण्यापूर्वीच त्याचे लसीकरण व औषध सुरू झाले. तो त्या दिवशी आजारी दिसत नव्हता. हेच माझे उत्तर आहे.

महागड्या जनुकीय यंत्रसामग्रीची मागणी मी करीत नाही. तशा तपासण्यांचे नमुने आवश्यकतेनुसार बाहेर पाठविता येतात. प्रतापनगर, खामला, जयताळा या परिसरातून आणि दूरच्या गावांतून येणाऱ्या कुटुंबांना आपण जे देऊ शकतो ते म्हणजे नीट विचारलेला प्रश्न आणि ऐकून घेणारा माणूस.

उपस्थित रुग्णबंधूंच्या आप्तजनांना एक विनंती. आपल्या घरी कोणाला धाप असेल, कोणी लहानपणी गेले असेल, तर ते डॉक्टरांना आपणहून सांगा. ते सांगण्यात आईचा दोष सिद्ध होत नाही, की बापाचा. आणि "खानदानात आहे" असे मुलांदेखत म्हणण्यापूर्वी, एकदा त्यांना फुंकण्याच्या चाचणीला घेऊन या.

वारशात आलेले नाकारता येत नाही, हे हिशेबनीस या नात्याने मी जाणतो. पण आलेल्याची नोंद करणे आणि पुढच्या पिढीकडे जाणारा बोजा कमी करणे, हे आपल्या हाती आहे. पुढील वर्षाच्या अहवालात तो रकाना भरलेला दाखविण्याचे वचन देऊन आपली रजा घेतो.